धाकट्या पक्षाला सत्ता का सोसत नाही



निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘अँटी-इन्कम्बन्सी’ हा शब्द हमखास सापडतो. खुर्चीवर बसलेल्यावर लोक चिडले आणि त्यांनी त्याला उतरवले, असा त्याचा सरळ अर्थ आपण घेतो. तो अर्थ चुकीचा नाही. योगेश उप्पल यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आपल्या देशातल्या विधानसभा निवडणुका तपासल्या, आणि विद्यमान आमदाराला पुन्हा उभे राहताना पदाचा लाभ कमी व तोटाच अधिक होतो, असे दाखवून दिले. मात्र ही सगळी चर्चा होते ती मोठे पक्ष डोळ्यांसमोर ठेवून. एक मोठा पक्ष पडतो, दुसरा मोठा पक्ष येतो, पाच वर्षांनी पहिला परत येतो. पडलेला पक्ष मोडत नाही, घरी बसून वाट पाहतो. ज्या पक्षाकडे एखादा खासदार, दोन-तीन आमदार आणि चार तालुक्यांतले कार्यकर्ते एवढीच पुंजी आहे, त्याचे सत्तेशी नाते कसे असते? तो सत्तेविरुद्ध लढतो तेव्हा त्याला काय मिळते, आणि सत्तेत जातो तेव्हा त्याचे काय होते? सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी या प्रश्नाचे उत्तर गेल्या सत्तर वर्षांत अनेकदा दिले आहे. ते उत्तर असे, की धाकट्या पक्षाच्या खात्यावर सत्तेचे देणे पूर्ण चढते आणि तिचे येणे थोरल्याच्या खात्यात जमा होते. आजचे माझे सगळे प्रतिपादन या एका विधानाभोवती आहे.

आधी ‘सत्ता’ या शब्दाकडे पाहू, कारण आपल्याकडे ती एकमजली कधीच नव्हती. वरचा मजला मुंबई-दिल्लीचा. खालचा मजला साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ, बाजार समिती आणि शिक्षण संस्था यांचा. वरच्या मजल्यावर कोण आहे हे पाच वर्षांतून एकदा विचारले जाते. खालच्या मजल्यावर कोण आहे हे शेतकऱ्याला दर हंगामात कळते. वाळवा किंवा कराड तालुक्यातला दोन एकर आडसाली ऊस घ्या. लागण झाली, कारखान्याच्या गट ऑफिसात नोंद झाली, सोळा-सतरा महिने ऊस रानात उभा राहिला. आता पाहायचे ते एकच, तोड कधी मिळते. चिटबॉय येऊन रान बघतो, नोंदीच्या तारखेप्रमाणे क्रम लागतो असे कागदावर असते, पण टोळी कुणाच्या फडात आधी उतरणार हे कागदाबाहेरही ठरू शकते. तोड तीन-चार आठवडे लांबली की उसाला तुरा येतो, कांडे पोकळ पडायला लागते, वजन घटते, पुढच्या खोडव्याचे गणित बिघडते, आणि खोडवा ठेवायचा नसेल तर रान मोकळे न झाल्याने हरभरा जातो. कुणी कुणाला धमकी द्यावी लागत नाही. गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते की आपले सोळा महिन्यांचे उत्पन्न कुणाच्या तरी एका शब्दावर महिनाभर मागेपुढे होऊ शकते. शेअरची साखर, सोसायटीचे पीककर्ज, मुलीचा कॉलेजातला प्रवेश, नातेवाइकाची कारखान्यातली नोकरी, हे सारे त्याच मजल्यावर मिळते. म्हणून आपल्याकडे ‘प्रस्थापित’ हा शब्द लोक मुख्यमंत्र्यापेक्षा चेअरमनसाठी अधिक वापरतात, आणि ते बरोबर वापरतात.

या दोन मजल्यांची हवा वेगवेगळी वाहते, याचा अगदी ताजा पुरावा कराडचा आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये कराड उत्तरमधून पाच वेळा आमदार झालेले बाळासाहेब पाटील चाळीस हजारांहून अधिक मतांनी हरले. सातारा जिल्ह्यातल्या आठही जागा महायुतीने घेतल्या. त्यानंतर पाच महिन्यांनी, एप्रिल 2025 मध्ये, सह्याद्री कारखान्याची निवडणूक झाली आणि तिथे त्याच बाळासाहेबांच्या पॅनेलने सर्व जागा जिंकल्या. सभासद बराचसा तोच, गावे बरीचशी तीच. माणसाने विधानसभेला एक विचार केला आणि कारखान्याला दुसरा. खालचा मजला हलतच नाही असेही नाही. रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्यात, ज्याचे सभासद सातारा आणि सांगली अशा दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले आहेत, 2010 मध्ये अविनाश मोहिते यांच्या पॅनेलने प्रस्थापितांना हरवले आणि 2015 मध्ये सुरेश भोसले यांनी कारखाना परत घेतला. सभासद तिथे चेअरमन बदलतात. पण बदल होतो तो एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे. बाहेरचा, गटाच्या पलीकडचा धाकटा पक्ष त्या मजल्यावर चढताना क्वचितच दिसतो.

आता थोडे मागे जाऊ. 1943 नंतरच्या प्रतिसरकारातून या भागात जी पिढी तयार झाली, तिच्यातले अनेक जण स्वातंत्र्यानंतर काँग्रेसमध्ये रमले नाहीत. शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) आणि कम्युनिस्ट पक्ष यांना इथे जे बळ मिळाले ते त्या पिढीचे. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या छत्राखाली हे धाकटे पक्ष एकत्र आले आणि सत्ताधारी काँग्रेसची पश्चिम महाराष्ट्रात दाणादाण उडाली. क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार म्हणून साताऱ्यातून लोकसभेवर गेले. द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण स्वतःच्या कराडात शेकापच्या केशवराव पवारांविरुद्ध जेमतेम निसटले. सत्ताविरोधी लाटेचा फायदा धाकट्या पक्षांना मिळू शकतो, याचे यापेक्षा ठळक उदाहरण आपल्या जिल्ह्यांत नाही. पण पुढे काय झाले ते पाहा. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मागणी समितीची, हौतात्म्य लोकांचे, आणि मंगलकलश आणला तो सत्तेत बसलेल्या पक्षाने. 1962 मध्ये काँग्रेसने विधानसभेच्या 264 पैकी 215 जागा जिंकल्या, शेकाप 15 वर थांबला, आणि साताऱ्याची लोकसभेची जागा किसन वीर यांच्या रूपाने काँग्रेसकडे परत गेली. काँग्रेसने मागणी मान्य केल्याबरोबर धाकट्या पक्षांच्या हातातले एकमेव हत्यार गळून पडले. मोठ्या पक्षाकडे दहा प्रश्न असतात. एक सुटला तरी नऊ उरतात. धाकट्या पक्षाची ओळखच एका प्रश्नाशी बांधलेली असते. तो प्रश्न सोडवण्याची सही ज्याच्या हातात, श्रेयही त्याच्याच हातात. सत्तेवर असण्याचा हा लाभ फार मोठा आहे आणि आपण तो अँटी-इन्कम्बन्सीच्या गदारोळात विसरतो.

मग धाकट्या पक्षांनी खालचा मजला स्वतः का बांधला नाही? बांधला. आणि फार चांगला बांधला. वाळव्याचा हुतात्मा किसन अहिर कारखाना नागनाथअण्णा नायकवडींनी उभा केला. कुंडलचा क्रांती कारखाना क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांच्या नावाने ओळखला जातो. बापू शेकापचे नेते. या दोन्ही संस्था प्रतिसरकारच्या वारशातून आल्या आहेत, आणि मी हे आदराने बोलतो, कारण या माणसांनी स्वतःसाठी काही ठेवले नाही. पण कारखाना चालवायचा म्हटला की गाळप परवाना लागतो, कर्जाला शासनाची हमी लागते, विस्तारवाढीला मंजुरी लागते, सहवीज प्रकल्पाचे करार लागतात. यातली जवळजवळ प्रत्येक सही पुण्यात, मुंबईत किंवा दिल्लीत होते. वीस-पंचवीस हजार सभासदांची जबाबदारी घेतलेला माणूस त्या सहीसाठी किती वर्षे विरोधात बसू शकेल? दोष माणसाचा नाही, संस्थेच्या रचनेचा आहे. जी. डी. बापूंचे चिरंजीव अरुण लाड 2020 मध्ये पुणे पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर गेले ते राष्ट्रवादी काँग्रेसचे उमेदवार म्हणून. संस्था टिकली, वाढली. पक्ष त्या परिसरातून ओसरला. म्हणजे धाकट्या पक्षाने खालची सत्ता मिळवली, तरी ती सत्ताच त्याच्या नेतृत्वाला थोरल्या पक्षाच्या दिशेने ओढत नेते.

गेल्या वीस वर्षांतले सर्वांत मोठे उदाहरण अर्थातच स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे आणि तिच्या पक्षाचे आहे. त्यावर मी अधिक वेळ घेणार आहे, कारण तिथे आकडे आपल्याशी स्पष्ट बोलतात. हातकणंगले लोकसभा मतदारसंघात शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ हे कोल्हापूर जिल्ह्यातले चार विधानसभा मतदारसंघ येतात, आणि सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर व शिराळा हे दोन. कारखानदारीचा हा गाभाच. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी भाजपच्या जवळ गेले म्हणून 2004 च्या सुमारास स्वाभिमानीचे संस्थापक राजू शेट्टी त्यांच्यापासून वेगळे झाले. त्याच वर्षी ते शिरोळमधून आमदार झाले. 2009 मध्ये त्यांनी लोकसभा लढवली. समोर राष्ट्रवादीच्या निवेदिता माने, दोन वेळच्या खासदार, आणि त्यांच्या मागे कारखान्यांची सगळी यंत्रणा. शेट्टींना 4,81,025 मते मिळाली आणि ते 95,060 मतांनी जिंकले. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. त्या वर्षी केंद्रात यूपीए सरकार परत आले, आणि पाच महिन्यांनी राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीच पुन्हा निवडून आली. वरच्या मजल्याविरुद्ध लाट नव्हतीच. हातकणंगल्याच्या मतदाराने खालच्या मजल्याविरुद्ध, म्हणजे ऊसदर ठरवणाऱ्यांविरुद्ध मत दिले. धाकटा पक्ष जिंकला तो सरकारवरच्या रागावर स्वार होऊन नव्हे, चेअरमनांवरच्या रागावर.

2014 मध्ये शेट्टी महायुतीत गेले. मताधिक्य 1,77,810 वर गेले, मते 6,40,428 झाली. यावर कुणीही म्हणेल की मोठ्या पक्षाशी युती धाकट्याला लाभतेच. लाभली, यात वाद नाही. पण त्या क्षणी महायुती राज्यात आणि केंद्रात विरोधी बाकांवर होती. धाकटा पक्ष मोठ्या विरोधकाच्या बरोबर होता, सत्ताधाऱ्याच्या बरोबर नव्हता. हिशेब सुरू झाला तो सरकार आल्यानंतर. जुलै 2016 मध्ये संघटनेचे सदाभाऊ खोत राज्यमंत्री झाले. वाळवा तालुक्यातल्या मरळनाथपूरचा, रस्त्यावर आंदोलन करून वाढलेला कार्यकर्ता मंत्रालयात गेला, याचा अनेकांना खरा आनंद झाला होता. मे 2017 मध्ये शेट्टींनी कर्जमाफीसाठी पुणे ते मुंबई आत्मक्लेश पदयात्रा काढली. जूनमध्ये पुणतांब्यातून शेतकरी संप पेटला. अशा वेळी एकाच संघटनेचा एक नेता डांबरी रस्त्यावर सरकारविरुद्ध चालत होता आणि दुसरा त्याच सरकारच्या वतीने बोलत होता. गावातल्या कार्यकर्त्याने लोकांना काय सांगावे? ‘सरकार आपले आहे’ म्हणावे, तर कर्जमाफी का मागतो? ‘सरकार आपले नाही’ म्हणावे, तर मंत्री कुणाचा? ऑगस्ट 2017 मध्ये संघटनेने खोतांना काढले, शेट्टीही सरकारपासून दूर झाले, आणि खोतांनी रयत क्रांती संघटना काढली. पुढे जुलै 2024 मध्ये ते विधान परिषदेवर गेले ते भाजपचे उमेदवार म्हणून. 34,022 कोटींच्या कर्जमाफीची घोषणा जून 2017 मध्ये झाली. तिचे श्रेय ज्यांना मिळाले असेल त्यांना मिळाले, स्वाभिमानीला नाही. संघटनेच्या वाट्याला आली ती फूट.

2019 मध्ये शेट्टी काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर लढले. ज्यांच्या काट्यावर बारा वर्षे आंदोलन केले, त्यांच्याच व्यासपीठावर. समोर शिवसेनेचे धैर्यशील माने, निवेदिता माने यांचे चिरंजीव. शेट्टींना 4,89,737 मते पडली आणि ते 96,039 मतांनी हरले. आता 2009 आणि 2019 हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. 2009 मध्ये एकटे लढून 4,81,025. 2019 मध्ये दोन मोठे पक्ष पाठीशी असताना 4,89,737. मध्यंतरी मतदारयादी दहा वर्षांनी लांबलेली. दोन मोठ्या पक्षांची मते आली असे धरले, तर संघटनेची स्वतःची किती मते गळाली याचा अंदाज कुणालाही करता येईल.

इथे तीन आक्षेप घेतले जातात, आणि ते टाळण्यासारखे नाहीत. पहिला असा, की हा मोदी लाटेचा परिणाम होता. असेलही, पण 2014 ची लाट याहून कमी नव्हती आणि ती शेट्टींना घेऊन पुढे गेली होती. त्याच लाटेने 2019 मध्ये त्यांना बुडवले असेल, तर फरक लाटेत नव्हता, त्यांच्या जागेत होता. दुसरा आक्षेप जातीच्या ध्रुवीकरणाचा. उमेदवाराची जात 2009 मध्ये तीच होती आणि 2014 मध्येही तीच होती. शेतकरी म्हणून एकत्र आलेला मतदार जेव्हा पुन्हा जात म्हणून विचार करायला लागतो, तेव्हा त्याआधी त्याला एकत्र बांधणारे काहीतरी सुटलेले असते. जात हे कारण कमी आणि परिणाम जास्त आहे, असे माझे मत आहे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने 1,23,419 मते घेतली, आणि हा आकडा पराभवाच्या फरकापेक्षा मोठा आहे. हे खरे आहे. पण ती सगळी मते शेट्टींचीच होती असे धरण्यासाठी आधी हे मानावे लागते की ते मतदार काँग्रेस-राष्ट्रवादीच्या उमेदवाराला मत द्यायला तयार होते. वंचितकडे गेलेला मतदार प्रस्थापितांना कंटाळून गेला होता. 2009 मध्ये अशा मतदाराला हातकणंगल्यात शेट्टी हाच पर्याय वाटला असता. 2019 मध्ये शेट्टी स्वतः प्रस्थापितांच्या बाकावर दिसत होते, म्हणून त्याने दुसरा पर्याय शोधला. या आकड्यातूनही मला तीच गोष्ट दिसते.

शेजारच्या सांगली मतदारसंघात त्याच वर्षी याची दुसरी बाजू दिसली. 1962 पासून 2014 पर्यंत काँग्रेसची राहिलेली ही जागा भाजपच्या संजयकाका पाटलांनी 2014 मध्ये जिंकली. 2019 मध्ये काँग्रेस आघाडीने ती स्वाभिमानीला सोडली, आणि वसंतदादांचे नातू विशाल पाटील स्वाभिमानीच्या ‘बॅट’ चिन्हावर उभे राहिले. संजयकाकांना 5,08,995 मते मिळाली, विशाल पाटलांना 3,44,643, आणि वंचितचे गोपीचंद पडळकर यांना 3,00,234. विद्यमान खासदाराच्या विरोधातली या दोघांची मते मिळून 6,44,877 होतात, म्हणजे विजेत्यापेक्षा 1,35,882 जास्त. नाराजी होती, पण ती दोन भांड्यांत विभागली गेली आणि खासदार सुखरूप राहिले. 2024 मध्ये तीच नाराजी एका जागी गोळा झाली: विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि 5,71,666 मते घेऊन 1,00,053 मतांनी जिंकले. या दोन निवडणुकांत स्वाभिमानी कुठे आहे? 2019 ची साडेतीन लाखांच्या आसपासची मते तिच्या चिन्हावर पडली खरी, पण ती तिची नव्हतीच. दादा घराण्याची ती मते उमेदवाराबरोबर आली आणि उमेदवाराबरोबर निघून गेली. मोठ्या पक्षाला जागावाटपाची अडचण सोडवायला धाकट्याचे चिन्ह उपयोगी पडले. याला पक्षाची वाढ म्हणता येत नाही.

चिन्हाचा प्रश्न आपल्याला वाटतो तितका किरकोळ नाही. मतदान यंत्रावरचा कागद पाहिला तर वरचे क्रम मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांच्या उमेदवारांना असतात, त्यांच्या खाली नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे उमेदवार, आणि तळाशी अपक्ष. कमळ, हात, घड्याळ यांची जागा मतदाराच्या बोटाला वर्षानुवर्षांच्या सवयीने माहीत असते. मान्यता नसलेल्या पक्षाला मोकळ्या चिन्हांच्या यादीतून चिन्ह घ्यावे लागते, ते पुढच्या खेपेस मिळेलच याची खात्री नसते, आणि प्रचाराचे दहा-बारा दिवस केवळ ‘यंदा आपले चिन्ह काय’ हे सांगण्यात जातात. मान्यता मिळवायची तर अठ्ठेचाळीस खासदारांच्या राज्यात एका खासदाराने भागत नाही. मतांची टक्केवारी राज्यभर लागते. दोन जिल्ह्यांत घट्ट मुळे असलेला पक्ष राज्याच्या हिशेबात नगण्य ठरतो. म्हणून पाच वर्षे खासदारकी भोगलेला पक्षही पुढच्या निवडणुकीत नवख्यासारखा उभा राहतो. विद्यमान असण्याचा जो साधा लाभ असतो, म्हणजे ओळखीचे चिन्ह, तोही त्याला मिळत नाही.

आणि जो आमदार निवडून येतो, त्याचे काय? सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचे महादेव जानकर यांनी 2003 मध्ये राष्ट्रीय समाज पक्ष स्थापन केला. पुण्या-मुंबईच्या आधाराशिवाय, धनगर वस्त्यांवर फिरून उभा केलेला हा पक्ष. 2014 मध्ये बारामतीत त्यांनी सुप्रिया सुळे यांचे मताधिक्य 69,719 मतांपर्यंत खाली आणले, विधानसभेला दौंडमधून राहुल कुल हा पक्षाचा एकमेव आमदार निवडून आला, आणि 2016 मध्ये जानकर मंत्री झाले. 2019 मध्ये राहुल कुल कमळ चिन्हावर उभे राहिले आणि 746 मतांनी जिंकले. आमदार म्हणून पाच वर्षांत जे काही कमावले ते धाकट्या पक्षाच्या चिन्हाखाली कमावले, आणि वठवले थोरल्याच्या चिन्हाखाली. स्वाभिमानीचेही तेच. 2019 मध्ये मोर्शीत देवेंद्र भुयार यांनी तेव्हाचे कृषिमंत्री अनिल बोंडे यांना हरवले, ती त्या वर्षीची मोठी बातमी होती. 2022 मध्ये ते संघटनेबाहेर होते आणि 2024 मध्ये अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे उमेदवार म्हणून हरले. अचलपूरचे बच्चू कडू राज्यमंत्री राहिले. त्यांच्या प्रहार पक्षाचे 2019 मधले दोन आमदार 2024 मध्ये शून्यावर आले. हा केवळ महाराष्ट्राचा रोग नाही. ब्रिटनमधल्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाने 2010 मध्ये हुजूर पक्षाबरोबर सरकार केले तेव्हा त्यांच्याकडे 57 जागा होत्या, 2015 मध्ये 8 राहिल्या; मोठ्या भागीदाराला मात्र स्वबळावर बहुमत मिळाले. जर्मनीत एफडीपी 2009 च्या 14.6 टक्क्यांवरून 2013 मध्ये 4.8 टक्क्यांवर आला आणि संसदेबाहेर गेला. तिथे ऊस नाही, कारखाना नाही, जातीचे राजकारणही आपल्यासारखे नाही. तरी धाकट्या भागीदाराची गत तीच.

सांगोल्याचे काय, हे कुणीही विचारेल, आणि विचारलेच पाहिजे. आटपाडीला लागून असलेल्या या तालुक्यातून गणपतराव देशमुख शेकापच्या चिन्हावर अकरा वेळा आमदार झाले. दोनदा हरलेही, पण पुन्हा निवडून आले. मंत्री झाले, आणि मंत्रिपद गेल्यावर एसटीने सांगोल्याला परतले. 2019 मध्ये ते थांबले तेव्हा पक्ष 768 मतांनी हरला आणि 2024 मध्ये त्यांचे नातू बाबासाहेब देशमुख पुन्हा निवडून आले. माझ्या विधानाला हा मोठा अपवाद आहे, आणि मी तो तसाच मान्य करतो. पण तो कसा घडला तेही पाहावे. गणपतरावांची सूतगिरणी होती, पण तालुक्याचे राजकारण त्यांनी पाण्यावर उभे केले, आणि पाणी हा एका निर्णयाने संपणारा प्रश्न नव्हता. तीस-चाळीस वर्षे पावलापावलाने तो पुढे सरकत राहिला. मंत्रिपद त्यांच्या राजकारणात मधेच येऊन गेलेले एक प्रकरण होते, त्यावर त्यांची आमदारकी उभी नव्हती. आणि राज्यभरचा शेकाप मात्र त्या काळात घटतच गेला. 1999 मध्ये पक्ष आघाडी सरकारात गेला तेव्हा पाच आमदार होते, 2004 मध्ये दोन उरले. सांगोला टिकला, पक्ष टिकला नाही. गंगाखेडला रत्नाकर गुट्टे राष्ट्रीय समाज पक्षाच्या चिन्हावर 2019 आणि 2024 असे दोनदा जिंकले. तिथे उमेदवारामागे स्वतःचा साखर उद्योग होता. दोन्ही ठिकाणी तालुक्यात आधीच उभी असलेली ताकद पक्षाला धरून राहिली. मंत्रालयातून मिळालेली ताकद कुठेही पक्षाला धरून राहिलेली मला दिसत नाही.

राहिला सर्वांत अवघड आक्षेप. धाकट्या पक्षाने मग कायम बाहेरच राहायचे का? लोकांनी निवडून दिले ते काम करण्यासाठी, घोषणा देण्यासाठी नव्हे. ज्या शेतकऱ्याने वर्गणी काढून, लोकसभेच्या उमेदवाराला पैसे देऊन मत दिले, त्याने आपला माणूस सत्तेत जाऊन चार निर्णय करून आणील अशी अपेक्षा ठेवली, तर त्यात चूक काय? काहीच चूक नाही. आणि बाहेर राहिल्याने काही मिळत नाही असेही नाही. ऑक्टोबर 2009 मध्ये ऊस नियंत्रण आदेशात एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, आली. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे, उशीर झाल्यास पंधरा टक्के व्याज, ही तरतूद आधीपासून कागदावर होती. तिला काट्यावर आणले ते या भागातल्या आंदोलनांनी. फेब्रुवारी 2022 मध्ये महाविकास आघाडी सरकारने एफआरपी टप्प्याटप्प्याने द्यायची मुभा दिली, तेव्हा आघाडीत असलेले शेट्टी दोन महिन्यांतच बाहेर पडले, आणि मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द ठरवला. म्हणजे एकरकमी एफआरपीचा हक्क टिकला तो मंत्रिपदामुळे नाही. धाकट्या पक्षाने सत्तेला हात लावायचा असेल, तर कोणत्या मजल्यावरच्या सत्तेला, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. जिल्हा परिषद, बाजार समिती, सोसायटी इथली सत्ता त्याच्या मतदाराच्या नजरेसमोर असते; तिचे श्रेय आणि दोष दोन्ही त्याचेच राहतात. राज्यमंत्र्याच्या खुर्चीत श्रेय खात्याच्या कॅबिनेट मंत्र्याचे, त्याच्याही वर मुख्यमंत्र्याचे, आणि दोष मात्र ‘आपल्या माणसाचा’. सरकारला पाठिंबा द्यायचाच असेल, तर तो बाहेरून, लेखी मागण्यांवर आणि मुदतीसह द्यावा, आणि मुदत संपली की काढून घेण्याचे धैर्य असावे. हे बोलायला सोपे आणि करायला कठीण आहे, कारण आमदार-कार्यकर्त्यांच्या घरीही संसार असतात आणि आंदोलनातले खटले वर्षानुवर्षे अंगावर असतात. त्यांना दोष देणे मला जमत नाही.

आज या दोन जिल्ह्यांतल्या सोळा विधानसभा जागांपैकी एकही धाकट्या पक्षाकडे नाही. 2024 च्या लोकसभेला हातकणंगल्यात शेट्टी पुन्हा एकटे लढले. महायुती नाही, महाविकास आघाडी नाही. त्यांना 1,79,850 मते मिळाली आणि ते तिसरे आले. धैर्यशील माने आणि सत्यजित पाटील सरूडकर यांच्यात फरक होता 13,426 मतांचा. म्हणजे कुणालाही जिंकवू शकतील इतके, त्या फरकाच्या तेरापट, मतदार अजून त्या जागी उभे आहेत जिथे 2009 मध्ये साडेचार लाखांहून जास्त होते. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर ते जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला येतात, पहिली उचल किती मागायची यावर हात वर करतात, आणि गावी परत जाऊन त्याच कारखान्याच्या तोडीची वाट पाहतात.